बटाट्या का थांबला

८ फेब्रुवारी

ताई,

साष्टांग नमस्कार. या वेळी तो शब्दशः घे, कारण नव्या घोडीनं सकाळीच मला चिखलात आडवं पाडलंय. कंबर शेकत लिहितो आहे. फोन केला की आपण पाचव्या मिनिटाला भांडतो, म्हणून दर शनिवार-रविवारी माझ्याकडे सरावाला येणाऱ्या तुझ्या लेकीच्या दप्तरातून हे पत्र. पाकीट नीट चिकटवलंय, कारण टिटवी वाचते. मागचं तिनं बसमध्येच वाचलं होतं.

आता मुद्द्याचं. मुलांची स्पर्धा एक मार्चला, रविवारी. टिटवी बारा वर्षांखालच्या गटात. सहा बुटके अडथळे, म्हणजे गुडघ्याएवढ्या उंचीवर ठेवलेले बांबू, आणि शेवटी पांढऱ्या रेघेवर घोडा थांबवून चार अंक मोजेपर्यंत उभा ठेवायचा. अडथळ्यांची काळजी नव्हती. बटाट्या तट्टू असला, अंगानं नावासारखाच असला, तरी उड्या मारायचं त्याला वेड आहे. घोडं पेंड खात होतं ते थांबण्यात. चौदा वर्षं पोरंटोरं त्याच्या लगामाला लोंबकळली आहेत, त्याचं तोंड दगड झालंय. ओढा, ताणा, हा आपला चाललाय.

पण काल तो रेघेवर तीनदा थांबला. खांबासारखा! टिटवी अशी किंचाळली की तबेल्यातली कबुतरं उडाली. कसं जमलं ते विचारू नकोस. धंद्यातल्या युक्त्या धंद्यातच राहू देत.

काळा कोट तूच शिव. कोपरात सैल हवा, उडीच्या वेळी हात पुढे जातात. पोरगी पहिल्या तिघांत आली तर तबेल्याच्या मालकीणबाई मला मुख्य शिक्षक करतील, असं त्यांनी स्वतःच्या तोंडानं म्हटलंय.

तुझा धाकटा

१३ फेब्रुवारी

धाकट्यास,

कोट बेतला. तुझं माप चुकीचं होतं. पोरीचा एक हात दुसऱ्यापेक्षा अर्धं बोट लांब आहे, हे शिंपिणीला दिसतं, घोडेवाल्याला कसं दिसणार? कमरेला औषध लाव आणि वयात आलेल्या घोडींपासून लांब राहा. लग्नाच्या वेळीही तुला हेच सांगितलं होतं, ऐकलं नाहीस.

एक तक्रार आहे. माझी नाही, तुझ्या भाचीची. म्हणते, "मामा बटाट्याला दिवसातून दहा वेळा शाब्बास म्हणतो, मला एकदाही नाही." हसत म्हणाली, पण ताटातलं चिवडत म्हणाली. अरे, पोरीला तबेल्यात बांधायचं, तेव्हा म्हणशील का? आपल्याला घरी कुणी म्हटलं नाही हे मला ठाऊक आहे. मी शाळेत पहिली आले तेव्हा आई म्हणाली होती, "बरं, आता भांडी घास." म्हणून तू पण तसाच वागणार?

म्हण एकदा. जीभ झिजत नाही. नाहीतर मी येणारच आहे एक तारखेला. भर मैदानात घसा फाडून मी म्हणेन.

ताई

२२ फेब्रुवारी

ताई,

कोट टिटवीनं कालपासून अंगावरून काढलेला नाही. झोपताना कसाबसा काढायला लावला. शिवण सुरेख आहे, तुझ्या हाताला तोड नाही.

सराव उत्तम. काल चार वेळा रेघेवर बरोबर उभा. जेवताना ती मला दोन चमचे हातात धरून दाखवत होती, "मामा, मी बोटं नुसती अशी मिटली ना, की त्याला कळतं. ओढावं लागतच नाही." मी "हं" म्हटलं आणि भात वाढून घेतला.

शाबासकीचं म्हणशील तर मी मुद्दाम म्हणत नाही. या वयात डोक्यात हवा जाते. नंतर बघू. आणि एक लक्षात ठेव, घोड्यांच्या मैदानात प्रेक्षकांनी गप्प बसायचं असतं. टाळ्या शेवटी. तसा शिष्टाचारच आहे. दुसरं काही नाही.

पहिल्या बसनं ये. टोपी आण, ऊन फार असतं.

धाकटा

५ मार्च

धाकट्यास,

हे टपालानं पाठवते आहे, कारण नेणारी आता तुझ्याकडे येत नाही.

तिच्या उजव्या खांद्याजवळचं हाड चिरलंय. सहा आठवडे हात झोळीत. डॉक्टर म्हणाले, मुलांची हाडं लवकर जुळतात. त्याची मला चिंता नाही. तिचे बाबा बोटीवर आहेत, त्यांना मी फक्त "पडली" एवढंच कळवलंय.

चिंता वेगळीच आहे. ही पोरगी माफी मागत सुटली आहे. पेला पडला, सॉरी. दार वाजलं, सॉरी. माझ्या मशीनचा दोरा तुटला तरी हीच म्हणते सॉरी! शेजारणीनं विचारलं, कशी पडलीस गं, तर म्हणाली, "मी लगाम ओढला. मामानं शंभर वेळा सांगितलं होतं, तरी ओढला." बूट तिनं पिशवीत भरून माळ्यावर टाकलेत.

मंगळवारी मी खोदून विचारलं. आधी म्हणाली, "नाही गं आई, मी ओढला नव्हता, हात पुढेच होते." मग झोळीची गाठ चाचपत म्हणाली, "पण ओढला असणार. मामा कशाला खोटं बोलेल?"

आता मी तुला विचारते. मी कुंपणाशी उभी होते. चौथा बांबू पार झाला, पाचव्याकडे छान दुडकत निघाले, आणि तो मधेच खिळ्यानं ठोकल्यासारखा थांबला. ही त्याच्या मानेवरून पुढे. कोट मी शिवलेला आहे. हात मागे ओढला की कोपराच्या आत तीन चुण्या पडतात, मी तिला दहा वेळा घालून बघितलाय. चुण्या नव्हत्या. बाही सरळ होती.

मग तो थांबला का? आणि पोर मातीत पडलेली असताना, लोक हसत असताना, तू तिला उचलायच्या आधी तिच्यावर ओरडलास का?

ताई

९ मार्च

ताई,

तुझं पत्र मिळालं. टिटवीची काळजी वाटते. दूध देत जा, हाडाला बरं. हळदही.

इकडे सगळं ठीक. बटाट्याच्या मागच्या उजव्या पायाचा नाल सैल झाला होता, तो बसवून घेतला. नालवाला दोन तास उशिरा आला आणि वर मलाच बोलला. गवत यंदा ओलसर येतंय, त्यामुळे दोन घोड्यांना खोकला. मालकीणबाईंचा घसा बसलाय, त्या पाटीवर लिहून हुकूम देतात. तबेल्यात इतकी शांतता कधी नव्हती. नवी घोडी आता मला ओळखते. मोतद्दार म्हणतो, ओळखते म्हणूनच चावते.

त्या दिवसाचं म्हणशील तर काय सांगू, जनावर आहे. कधी बिचकतं. कुठे कागद उडाला असेल, कुणाची छत्री उघडली असेल. मी जरा जोरात बोललो असेन. मैदानात आवाज चढतोच. तिनं मनावर घेऊ नये. मोठेपणी ती हसेल याच्यावर.

तिला सांग, मामानं आठवण काढली.

धाकटा

१२ मार्च

धाकट्यास,

तुझ्या पत्रात नाल आहे, गवत आहे, मालकीणबाईंचा घसा आहे. माझ्या दोन प्रश्नांची उत्तरं नाहीत.

लहानपणी तू खरं बोलायचास तेव्हा एका वाक्यात बोलायचास. काचेची बरणी फोडलीस तेव्हा मात्र मांजर कुठून आलं, कोणत्या रंगाचं होतं, कुणाच्या घरचं होतं, सगळं सांगितलं होतंस. तुझ्या या पत्रात मला ते मांजर दिसतंय.

काल टिटवीनं वहीचं पान फाडून एक चिठ्ठी लिहिली, डाव्या हातानं. "प्रिय बटाट्या, मी तुझं तोंड दुखवलं, सॉरी." मला म्हणाली, मामाकडे पाठव, तो वाचून दाखवेल त्याला. सोबत जोडली आहे. दाखव वाचून.

ताई

१६ मार्च

ताई,

चिठ्ठी आली. मी ती बटाट्याला वाचून दाखवली नाही. माझ्याच्यानं वाचवेना. खिशात ठेवून तीन दिवस खरारा करत फिरलो.

एका वाक्यात सांगतो. टिटवीनं लगाम ओढला नव्हता, हे मला ती हवेत असतानाच माहीत होतं.

आता बाकीचं. मी कुठल्याही घोड्याचं काम संपलं की मानेवर थाप मारतो, शाब्बास म्हणतो आणि गाजर देतो. वर्षानुवर्षं. बाकीचे घोडे गाजराकडे बघतात. बटाट्या खादाड आणि बेरकी, त्यानं शब्दाचाच अर्थ लावून ठेवला. शाब्बास म्हणजे संपलं, थांबा, आता खायचं. जानेवारीत एकदा मी दुसऱ्याच घोड्याला तसं म्हणालो, तर हा मैदानाच्या पार टोकाला दौडीत होता तो जागच्या जागी उभा. तेव्हा लक्षात आलं.

शिक्षकानं ती खोड मोडायला हवी होती. शब्द बदलायचा, महिनाभर घासायचं, आणि पोरीला खरं थांबवायला शिकवायचं. ते सगळं किचकट. स्पर्धा तोंडावर आलेली. मी खोड मोडली नाही, वापरली. टिटवी रेघेजवळ आली की मी बाजूला उभा राहून ओठांतल्या ओठांत शाब्बास म्हणायचो. तो थांबायचा. तिला वाटायचं, आपल्या बोटांनी थांबला. ते चमचे आठवतात? ती चमचे मिटून दाखवत होती आणि मी भात वाढून घेत होतो.

एवढंच नाही. स्पर्धेत रेघेशेजारच्या फाटकात शिक्षकाला उभं राहता येतं. तिथेही मी तेच करणार होतो. म्हणजे पोरीच्या पहिल्याच स्पर्धेत तिला न कळू देता मी तिच्याकडून लबाडी करून घेणार होतो.

आणि म्हणून मी तिला कधी शाब्बास म्हणू शकलो नाही. ती घोड्यावर असताना म्हणालो असतो तर तो थांबला असता. डोक्यात हवा जाते वगैरे मी तुला लिहिलं, ते सगळं खोटं होतं. खरं तर ती उतरल्यावर म्हणता आलं असतं. तेव्हा लाज वाटायची, कारण कशाबद्दल म्हणणार?

एक मार्चला चौथा बांबू पार झाला आणि तू कुंपणावरून ओरडलीस. ताई, तो शब्द तू म्हणालीस. पण दोष तुझा नाही. तुझं पत्र मी वाचलं होतं, तू म्हणणार हे मला ठाऊक होतं. एक ओळ लिहायची होती. लिहिली असती तर तू हसत चारचौघांत सांगितलं असतंस, की माझ्या भावाचा घोडा कौतुक केलं की बंद पडतो. शेजारच्या तबेल्यातल्यांनी ते ऐकलं असतं. मला माझं हसं होण्याची भीती वाटली, म्हणून मी शिष्टाचार लिहिला.

ती पडली तेव्हा लोक हसले. मालकीणबाई मान वळवून माझ्याकडे बघायला लागल्या. आणि माझ्या तोंडून निघालं, "लगाम ओढलास ना! किती वेळा सांगितलं!" ती खांदा धरून मातीत बसली होती. म्हणाली, "सॉरी, मामा."

तेव्हा बोलायला हवं होतं. नंतर पंधरा दिवस मी स्वतःला सांगत होतो, की ताईला वाईट वाटेल म्हणून गप्प आहे.

धाकटा

१९ मार्च

धाकट्यास,

शेवटची ओळ लिहिलीस ते बरं केलंस. "तुला वाचवत होतो" असं लिहिलं असतंस तर मी पुन्हा तुझं तोंड बघितलं नसतं.

काल दिवसभर मशीनवर बसले आणि एकही टाका सरळ पडला नाही. मी तिला जन्मात पहिल्यांदा चारचौघांत शाब्बास म्हणाले आणि तिचं हाड मोडलं. हे तू मला दिलंस. नुसतं "तो शब्द म्हणू नकोस, तो थांबतो" एवढं सांगितलं असतंस तर मी तोंडात रुमाल कोंबून उभी राहिले असते. हसलेही असते, खोटं कशाला बोलू. पण हसून कुणाचं हाड मोडत नाही.

मी तिला सांगणार नाही. तू सांग. लिहून सांग, म्हणजे तिला हवं तितक्या वेळा वाचता येईल. छोटं लिही. "मोठ्यांच्याही चुका होतात" असलं काही लिहिलंस तर फाडून टाकीन. मी ओरडले तेही त्यात लिही. झाकू नकोस.

ताई

२२ मार्च

चि. टिटवीस,

तू लगाम ओढला नव्हतास. मी खोटं बोललो.

बटाट्या शाब्बास ऐकलं की थांबतो. त्याला ती सवय माझ्यामुळे लागली. सरावात तो रेघेवर थांबायचा तो तुझ्या बोटांमुळे नाही, मी हळूच तो शब्द म्हणायचो म्हणून. त्याला थांबवायला मी तुला शिकवलंच नाही. त्या दिवशी आई कौतुकानं तोच शब्द म्हणाली. तिला काही माहीत नव्हतं, कारण मी तिला सांगितलं नव्हतं.

तू पडलीस तेव्हा हे सगळं मला माहीत होतं. लोक मला हसतील म्हणून मी तुझ्यावर ढकललं.

तुझी चिठ्ठी माझ्याजवळ आहे. बटाट्याचं तोंड दुखलेलं नाही. तू त्याला काही केलेलं नाहीस. माफी मी मागायची आहे. मागतो.

मामा

२७ मार्च

मामा,

अक्षर वाकडं आहे कारण डावा हात आहे.

तुझं पत्र मी तीनदा वाचलं. आधी बरं वाटलं. मग रडू आलं, कारण म्हणजे मला काहीच येत नव्हतं. मी वर्गात सगळ्यांना सांगितलं होतं की मी बोटांनी घोडा थांबवते.

एक विचारायचंय. कोट आला त्या शनिवारी तू पाणी प्यायला आत गेला होतास. तेव्हा बटाट्या एकदा थांबला होता. तू तिथे नव्हतास. तो मीच थांबवला होता ना?

दुसरं म्हणजे तू सगळ्यांसमोर ओरडला होतास. मला पत्रात सांगून सगळ्यांना कसं कळणार? पालकांची सभा असते ना तिकडे, तेव्हा सांग. तेवढ्याच मोठ्यानं.

डॉक्टरांनी हो म्हटलं की मी येईन. मला खरं थांबवायला शिकव. पण तू कुंपणाच्या बाहेर उभा राहायचं आणि मी सांगेपर्यंत बोलायचं नाही.

टिटवी

२६ एप्रिल

ताई,

पत्र टिटवीच्याच हाती देतो आहे. पाकीट चिकटवलेलं नाही, तिला वाचू दे.

तू तिला बसमध्ये बसवून पाठवलीस, स्वतः आली नाहीस. का ते कळलं. मलाही त्या मैदानात आज पाय टाकवत नव्हता.

सभेला तीसेक पालक होते. मालकीणबाई फी आणि टोप्यांबद्दल बोलल्या, मग मी उठलो. टिटवी मागच्या बाकावर बसली होती. मी सुरुवात केली तर मागून आवाज आला, "ऐकू येत नाही." तिचाच. मग मोठ्यानं सांगितलं. शब्द कसा वापरला ते, फाटकात उभा राहून काय करणार होतो ते, आणि पोरीवर काय ओरडलो ते. एक बाप हसला, मग त्यानंच हसू आवरलं. दोन आया आपल्या मुलांना घेऊन तिथल्या तिथे उठल्या. मालकीणबाई म्हणाल्या, "उद्यापासून लहान मुलांचा वर्ग तुमच्याकडे नको." मी मान डोलावली. सकाळचा खरारा आणि चारा तेवढा माझ्याकडे राहिला. मुख्य शिक्षकाचं तर नावच काढू नकोस.

नंतर तबेल्यात तिनं पुन्हा तोच प्रश्न विचारला, पाणी प्यायला गेला होतास त्या दिवसाचा. तिनं तो पत्रातून विचारला होता, मी उत्तर दिलं नव्हतं. ताई, "हो, तो तूच थांबवलास" एवढं म्हणायचं होतं. कुणाला कळलं नसतं. पोरगी माझ्या तोंडाकडे बघत होती, अगदी आशेनं. मी म्हणालो, "नाही गं. मी पाणी पिऊन परत आलो होतो. गवताच्या भाऱ्यामागून म्हणालो." तिचा चेहरा पडला. थोडा वेळ ती बटाट्याची आयाळ विंचरत राहिली. मग म्हणाली, "बरं. खोगीर घाल."

मालकीणबाईंची परवानगी मागितली. त्या म्हणाल्या, भाचीला शिकवा, फुकट, आणि आमच्या वेळात नको. आधी घोड्याशेजारी उभा राहून तिला सगळं समजावलं. पाठ कशी जड करायची, श्वास कसा सोडायचा, लगाम धरायचा आणि लगेच सैल कसा करायचा. मग मी कुंपणाबाहेर जाऊन उभा राहिलो. तोंड मिटून.

सहा वेळा तो रेघेवरून सरळ निघून गेला. एकदा तर जाता जाता गवत तोडलं त्यानं. सातव्यांदा तिनं दात आवळले, श्वास सोडला, आणि तो थांबला. रेघेच्या चांगली चार पावलं पुढे, वाकडा, एक पाय उचललेला. स्पर्धेत याला शून्य गुण. पण थांबला, आणि तिनं मोठ्यानं चार अंक मोजले.

माझ्याकडे तिनं बघितलं नाही. उतरली, त्याला चालवत कुंपणापाशी आली, लगाम माझ्या हातात दिला.

"मामा, आता बोललास तरी चालेल," ती म्हणाली.

मी तोंड उघडलं. मग खोगिराचा पट्टा सोडायला लागलो, आणि तो केव्हाच सुटला होता तरी कितीतरी वेळ सोडतच राहिलो.

धाकटा